रजोनिवृत्तीच्या काळात पत्नीला घरातून नेमका कोणता आधार द्यावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझी पत्नी ४७ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षभरापासून तिची पाळी अनियमित झाली आहे. कधी दोन महिने येत नाही, आणि आली की आठ-दहा दिवस खूप अंगावरून जाते. रात्री अचानक छातीपासून चेहऱ्यापर्यंत वाफा निघाल्यासारखे होऊन ती घामाने भिजून उठते, नंतर थंडी वाजते आणि पहाटेपर्यंत पुन्हा झोप लागत नाही. वर्गातील मुलांची नावे ऐनवेळी आठवत नाहीत याची तिला फार भीती वाटते, कारण तिची स्मरणशक्ती हा तिचा अभिमानाचा विषय होता. लहानशा गोष्टीवरून ती चिडते आणि नंतर एकटीच रडत बसते.

घरात माझी ७४ वर्षांची आई, बारावीत शिकणारा मुलगा आणि आम्ही दोघे आहोत. आईचे सुनेवर प्रेम आहे, परंतु तिचे म्हणणे असे की, “आमची पाळी कधी गेली ते घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. रानातलं काम बघायचं का असलं बघत बसायचं?” तालुक्याच्या गावातील एका डॉक्टरांनी सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठ दिसल्याचे सांगून, मूल झालेले आहे तर आता पिशवी काढून टाका, पुढचा सगळा त्रास मिटेल, असा सल्ला दिला. माझी बहीण आणि थोरल्या वहिनी या दोघींनीही पिशवी काढून घेतलेली असल्यामुळे नातेवाइकांना तोच सरळ मार्ग वाटतो. पत्नीला शस्त्रक्रिया नको आहे. हार्मोनच्या गोळ्यांनी कर्करोग होतो असे शाळेतील एका सहकारी शिक्षिकेने सांगितल्यामुळे तिला त्या गोळ्याही नको आहेत.

शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक आहे का, आणि घरातील आम्ही तिघांनी काय करावे, असे माझे दोन प्रश्न आहेत. ‘समजून घ्या’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण समजून घेतल्यानंतर सकाळी साडेपाच वाजता उठून प्रत्यक्ष काय करायचे, हे कोणी सांगत नाही.

निरामय

मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे काम करून आता निवृत्त झालो आहे. तपासणी न करता निदान सांगणे योग्य नाही, त्यामुळे पुढील मजकूर डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावा एवढ्याच हेतूने लिहीत आहे.

सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणतात. भारतीय स्त्रियांमध्ये हे सरासरी ४६ ते ४७ या वयात घडते. पाश्चात्त्य देशांत ते वय ५१ च्या आसपास आहे. त्याआधीची काही वर्षे बीजकोशांचे (अंडाशयांचे) काम चढउतार करत मंदावत जाते आणि आपल्या पत्नी सध्या त्या टप्प्यात असाव्यात. त्यांत तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनच्या चढउतारांमुळे मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र अतिसंवेदनशील होते, आणि शरीराचे तापमान किंचित जरी वाढले तरी ते घाम काढून उष्णता बाहेर टाकू लागते. रात्रीच्या वाफा त्यातूनच येतात. झोपमोड, विसराळूपणा आणि चिडचिड यांचा त्या वाफांशी जवळचा संबंध असतो, म्हणून झोप सुधारली की नावे आठवण्याचा प्रश्नही पुष्कळदा हलका होतो. हा स्मृतिभ्रंश नव्हे, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मात्र हा सगळा काळ दोन-चार महिन्यांत सरत नाही. अमेरिकेतील एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासात वाफांचा त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये तो निम्म्याहून अधिक जणींना सात वर्षांपेक्षा जास्त काळ होत असल्याचे दिसले. त्यामुळे कुटुंबाने तयारी करायची ती लांबच्या पल्ल्याची.

आता पिशवीविषयी. या वयात पाळी लांबणे आणि जास्त रक्तस्राव होणे सामान्य असले तरी ‘वयामुळे होते’ म्हणून ते सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन, थायरॉइडची तपासणी, व्यवस्थित सोनोग्राफी आणि वय ४५ च्या पुढे असल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या तुकड्याची तपासणी, एवढे झाल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. थायरॉइडचा आग्रह धरण्याचे कारण असे की, त्याच्या बिघाडातही धडधड, घाम, पाळीतील गडबड आणि उदासपणा ही सगळी लक्षणे दिसतात. याउलट, ४५ च्या पुढील स्त्रीची रजोनिवृत्ती ओळखण्यासाठी हार्मोनच्या महागड्या चाचण्या सहसा लागत नाहीत; लक्षणांवरून ती कळते. वर लिहिलेल्या तपासण्यांत काही गंभीर निघाले नाही, तर पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या देता येतात, किंवा गर्भाशयात हार्मोनयुक्त साधन बसवता येते, जे आपल्याकडे मिरेना या नावाने ओळखले जाते आणि बहुसंख्य स्त्रियांचा रक्तस्राव पुष्कळ कमी करते. लहान गाठी पाळी थांबल्यानंतर बहुधा आकसतात. मोठी गाठ, उपचारांना दाद न देणारा रक्तस्राव किंवा कर्करोगाची शक्यता असेल तर शस्त्रक्रिया योग्यच असते, आणि तेव्हा तिला उशीर करू नये. परंतु पिशवी काढल्याने वाफा थांबत नाहीत. सोबत बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती एका रात्रीत येते आणि त्रास अधिक तीव्र होतो. बीजकोश ठेवले तरी ते काही स्त्रियांमध्ये लवकर थकतात. म्हणून ‘पुढचा सगळा त्रास मिटेल’ हे विधान बरोबर नाही.

हार्मोनविषयीच्या भीतीचे मूळ बऱ्याच अंशी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आहे. त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे त्यांपैकी बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे झालेली होती. दोन हार्मोनच्या एकत्रित गोळ्या घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण अधिक आढळले. हा धोका खरा आहे, पण तो किती आहे हे आकड्यासह सांगितले पाहिजे, नाही तर भीतीच निर्णय घेते. पुढील विश्लेषणांतून असे दिसले की, साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केले तर बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ अधिक मिळतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा गंभीर आजार झालेला असेल, अथवा रक्तस्रावाचे कारण कळलेले नसेल, तर मात्र हे उपचार देत नाहीत. ज्यांना हार्मोन नकोत त्यांच्यासाठी वाफा कमी करणारी इतर औषधेही आहेत.

तपासणीला पत्नींसोबत आपण स्वतः जावे, पण उत्तरे त्यांनाच देऊ द्यावीत. अनेक पती पत्नीच्या वतीने बोलू लागतात, आणि जी लक्षणे तिला पतीसमोर सांगायला संकोच वाटतो ती मग कागदावर येतच नाहीत. जाण्यापूर्वी पाळीच्या तारखा आणि रात्री किती वेळा जाग आली ते वहीत लिहून न्यावे.

वैदर्भी

मी नागपूरची, बँकेत नोकरी करते आणि आता ५४ वर्षांची आहे. वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी सांगितली आहे, म्हणून मी फक्त साडेपाच वाजताच्या प्रश्नाचे उत्तर देते.

घरातील एकेक काम आपल्या नावावर करून घ्या, आणि ते आठवण ठेवण्याच्या जबाबदारीसकट घ्या. “तू सांग, मी करतो” असे म्हटले की काम जरी तुमच्या हाताने झाले तरी ते तिच्या डोक्यातच राहते, आणि या दिवसांत नेमके डोकेच दमलेले असते. माझ्या यजमानांनी सकाळचे डबे, दुधाचा हिशेब आणि गॅसची नोंदणी या तीन गोष्टी कायमच्या स्वतःकडे घेतल्या. भाजी कोणती करायची हेही तेच ठरवू लागले. सुरुवातीला पोळ्या कडक व्हायच्या, तेव्हा मुलांनी त्या मुकाट्याने खाल्ल्या. मला पहाटे चार वाजता लागलेली झोप साडेसहापर्यंत मिळू लागली आणि दिवस निभावण्याइतकी ताकद त्यातून परत आली. औषधे मी नंतर घेतली आणि त्यांचाही उपयोग झाला, पण पहिला फरक त्या अडीच तासांनी पडला होता.

रात्रीसाठी सुती कपडे, डोक्याशी बदलायला एक जोड, पाण्याचा तांब्या आणि तिच्या बाजूचा पंखा एवढी सोय पुरते. आमच्याकडे मे महिन्यात कूलरसमोरही घाम थांबत नसे, तेव्हा मी दिवाणखान्यात एकटी झोपत असे. पती-पत्नींनी काही काळ वेगळे झोपले तर घरात भांडण झाले, असा अर्थ लावणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम यजमानांनी केले. रात्री उशिराचा चहा आणि तिखट जेवण बंद केल्यावर मला थोडा फरक जाणवला. प्रत्येकीला जाणवेलच असे नाही.

सणांचा विषय मुद्दाम लिहिते, कारण तो कोणी काढत नाही. आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. पाळी नियमित होती तोवर पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेऊन मी तारखा जुळवत असे. पाळीच अनियमित झाल्यावर कोणत्या दिवशी काय होईल याचा भरवसा उरला नाही आणि नैवेद्याच्या आधीचे आठ दिवस मला केवळ त्याच काळजीचे जात. त्या वर्षी माझ्या सासूबाईंनी स्वतःच सांगितले, “पाळी आली तर येऊ दे, गोळी घेऊ नको, पुरणाचं मी आणि मदतीला आलेल्या बाया बघून घेऊ.” जुन्या पिढीतील स्त्रीने उच्चारलेल्या त्या एका वाक्याने जेवढा धीर आला तेवढा दुसऱ्या कशाने आला नाही. म्हणून आपल्या मातोश्रींना या गोष्टीतून वगळू नका, आणि त्यांना चुकीचेही ठरवू नका. त्यांची पाळी गेली तेव्हा त्यांना रात्री झोप लागत असे का, एवढेच एकदा शांतपणे विचारून पाहा. आमच्या सासूबाई सुरुवातीला “काही नव्हतं” असेच म्हणाल्या होत्या. पुढे एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितले की, त्या मध्यरात्री अंगणात येऊन बसत आणि कोणी विचारले तर गुरांना वैरण टाकायला उठले असे सांगत.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यात परिचारिका आहे. पिशवी काढण्याचा निर्णय कुटुंब किती सहज घेते हे मी ज्या भागात काम करते तेथे फार जवळून दिसते, म्हणून लिहिते.

आमच्याकडील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. फडावर ना शौचालय, ना पाण्याची सोय. अशा स्थितीत पाळीचा त्रास, पांढरे जाणे किंवा पोटदुखी घेऊन बाई दवाखान्यात गेली की तिला कर्करोगाची भीती घालून पिशवी काढण्याचा सल्ला मिळत असे, आणि घरातील माणसांनाही ते सोयीचे वाटे. २०१९ मध्ये हा विषय देशभर गाजला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतील कितीतरी जणी चाळिशीच्या आतील होत्या. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

या बायका आज माझ्याकडे कंबरदुखी, गुडघेदुखी, वाफा आणि थकवा घेऊन येतात. पस्तिशीत रजोनिवृत्ती आलेल्या बाईच्या हाडांना इस्ट्रोजेनचे संरक्षण दहा-बारा वर्षे आधीच संपलेले असते, आणि कोयता तर खाली ठेवता येत नाही. त्यांच्यापैकी बहुतेकींनी मला सांगितले की, निर्णय झाला तेव्हा खोलीत नवरा, सासू आणि डॉक्टर बोलत होते. आपल्या पत्नी शिक्षित आहेत, नोकरी करतात आणि त्यांनी नको असे स्पष्ट म्हटले आहे. नातेवाईक पुन्हा विषय काढतील तेव्हा “तिला नको आहे आणि आम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेत आहोत” हे आपण सर्वांसमोर म्हणावे. बहिणीने आणि वहिनींनी काढली म्हणून हिनेही काढावी, याला वैद्यकीय आधार नाही.

आहाराविषयी थोडेसे. पाळी गेल्यानंतर स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, आणि भाजी-पोळीच्या जेवणातून ते सहसा पूर्ण होत नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. त्याच्या जोडीला दूध-दही, तिळाची चटणी आणि राजगिरा रोजच्या जेवणात आले तर गोळ्यांची गरज कमी होते. ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. जास्त रक्तस्राव होत असल्यामुळे लोहाची गोळी लागली, तर ती आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये.

इंद्रायणी

आपण प्रश्न आस्थेने विचारला आहे याबद्दल शंका नाही. तरी विचारते, आपल्या पत्नींनी चर्चेचा हा धागा वाचला आहे का? त्यांच्या शरीराविषयी इतके जण लिहीत असताना त्यांचे स्वतःचे म्हणणे येथे कोठेच नाही.

दुसरे असे की, त्यांचा प्रत्येक राग रजोनिवृत्तीच्या खात्यावर टाकू नये. माझी आई या काळातून जात असताना तिने घरातील खर्चाविषयी एक रास्त तक्रार केली होती, आणि घरातील सगळ्यांनी “तिचे ते दिवस चालू आहेत” म्हणून ती सोडून दिली. तिला वाफांपेक्षा त्याचे दुःख जास्त झाले. आपल्या पत्नींना राग आला तर आधी त्यांचे म्हणणे खरे आहे का ते पाहावे. मुलालाही आपणच मोकळेपणाने सांगावे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला जीवशास्त्राच्या पुस्तकातून हार्मोन माहीत असतात, परंतु आई रात्री झोपलेली नाही म्हणून सकाळी तिला हाका मारू नयेत, हे त्याला घरातच कळते.

उदासपणा दोन आठवडे सलग टिकला, जेवणावरची वासना गेली किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर तो नुसता चिडचिडेपणा समजू नये. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. इंद्रायणीताई, आपला प्रश्न वाचून मी कालच पत्नीला हा धागा दाखवला. तिने तो दोनदा वाचला. दुसऱ्या डॉक्टरांच्या मतासाठी साताऱ्यात वेळ घेतली असून पाळीच्या तारखांची वही तिने सुरू केली आहे. सकाळचे डबे आणि आईच्या औषधांच्या वेळा मी माझ्याकडे घेतल्या आहेत. आईला विचारण्याचे काम पत्नी म्हणते ती स्वतः करेल, कारण आई माझ्याशी त्या विषयावर बोलणार नाही.

तिने डॉक्टरांना विचारण्यासाठी दोन प्रश्न लिहून दिले आहेत आणि ते तिच्या संमतीने येथे देतो. पहिला, कोरडेपणामुळे संबंधांच्या वेळी दुखते आणि लघवीला वारंवार जळजळ होते. याला काही उपाय आहे का, की हे वयानुसार सहन करायचे? दुसरा, ओळखीच्या एका बाईंनी वाफांवर सोयाबीनच्या अर्काच्या गोळ्या आणि एक चूर्ण दिले आहे, ते घ्यावे का?

निरामय

सौ. कृष्णाकाठ यांना थेट उत्तर देतो. ताई, हे सहन करायचे नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे योनीचे आणि मूत्रमार्गाचे अस्तर पातळ होते, त्यातून ही दोन्ही लक्षणे येतात, आणि वाफा काळानुसार बहुधा कमी होत असल्या तरी ही लक्षणे आपोआप कमी न होता पुष्कळदा वाढतात. लघवीची तपासणी करून संसर्ग असल्यास त्याचे उपचार घ्यावेत. संबंधांच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण वापरावे. एवढ्याने पुरेसे वाटले नाही, तर योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते. त्यातील फार थोडे औषध रक्तात जाते, त्यामुळे गोळ्यांविषयीची भीती त्याला तशीच लागू होत नाही. मात्र आपल्या रक्तस्रावाचे कारण आधी निश्चित झाले पाहिजे. दुखत असताना संबंध टाळण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. आणखी एक गोष्ट डॉक्टर सांगायला विसरतात: पाळी अनियमित असली तरी गर्भधारणा होऊ शकते. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे.

सोयाबीन आहारात असण्यास हरकत नाही. अर्काच्या गोळ्यांचा परिणाम मात्र निरनिराळ्या अभ्यासांत वेगवेगळा दिसला आहे, म्हणून त्यांवर फार पैसे खर्च करू नयेत. चुर्णात काय आहे हे पाकिटावर लिहिलेले नसेल तर ते घेऊ नये. वैदर्भी यांनी उल्लेख केलेल्या पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्याही सध्या दुकानातून परस्पर आणू नका, कारण त्या थांबवल्यावर होणाऱ्या रक्तस्रावामुळे डॉक्टरांना मूळ कारण शोधणे अवघड जाते. साताऱ्याला जाताना जुनी सोनोग्राफी आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे सोबत न्या. गाठ गर्भाशयाच्या आतील पोकळीत आहे की भिंतीत, आणि तिचा आकार किती, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. पुढचे उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतील.